दोन लाडवांची नोंद

आमच्या घराण्यात मोजून वाढणं हे पाप समजलं जाई. वाढणाऱ्यानं पानाकडे पाहावं, पातेल्याकडे पाहू नये, असं आमची आजी सांगत असे. जिलबीचं ताट घेऊन फिरणाऱ्यानं "किती वाढू?" असं विचारलंच, तर त्याच्या हातातलं ताट काढून घेऊन पाण्याचा तांब्या देत. पाहुण्यानं पानावर आडवा हात धरायचा आणि यजमानानं त्या हातावरच श्रीखंडाची वाटी उपडी करायची, ही आमच्याकडची प्रेमाची परमावधी. पुढे तो पाहुणा दोन दिवस सोड्याच्या पाण्यावर काढी, ती गोष्ट वेगळी.

अशा घराण्यात जन्माला येऊन मी काय केलं, तर ३६ वर्षं सरकारी खात्यात हिशेब तपासले. साहेबांनी दौऱ्यावर कुणाला चहा पाजला असेल, तर तो कुणाला, कशासाठी आणि पावती कुठे आहे, हे विचारण्याचा मला पगार मिळे. तेव्हा माझ्या नीतिशास्त्राची सरळ फाळणी झाली होती. ऑफिसात मोजायचं, घरी मोजायचं नाही. जिथे विश्वास नाही तिथे हिशेब, आणि जिथे प्रेम आहे तिथे हिशेबाचं नाव काढायचं नाही. हे तत्त्व मी जन्मभर बिनघोर वापरलं. अडुसष्टाव्या वर्षी अमेरिकेत त्याला भोपळा मिळाला. आणि मिळाला तोही भोपळ्यांच्याच सणाला.

त्याचं असं झालं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आम्ही उभयता न्यू जर्सीला लेकीकडे गेलो. लेकीकडे जाऊन, तूपपोळी खाऊन, लठ्ठ होऊन परत येणारी गोष्टीतली म्हातारी तुम्हाला आठवत असेल. ती परत आली भोपळ्यात बसून, आणि आम्ही विमानाच्या कमी भाड्याच्या वर्गात, म्हणजे अंमळ कमी जागेत. बाकी बेत तोच होता. फरक एवढाच की ह्या लेकीच्या घरी तूपपोळीच्या आधी वजनकाटा येई.

कारण आमची नात चिमी. वय वर्षं सहा. चौथं सरता सरता तिला मधुमेह झाला. आधी पोर घटाघटा पाणी पिऊ लागली, रात्री चारदा उठू लागली आणि महिन्याभरात फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागला. फोनवर बातमी कळली तेव्हा मी पहिलं वाक्य जे बोललो, त्याची मला आजही लाज वाटते. मी म्हणालो, "तरी सांगत होतो, तिला इतकी चॉकलेटं देऊ नका." जावयांनी शांतपणे समजावलं की चॉकलेटाचा ह्यात काही संबंध नाही. हा पहिल्या प्रकारचा मधुमेह. शरीराची स्वतःचीच पहाऱ्यावरची फौज स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींना शत्रू समजून मारून टाकते. आईबापांनी केलेलं नाही, पोरीनं केलेलं नाही, आणि कुणी काही खाल्लं म्हणून झालेलं नाही.

आमच्या नातेवाइकांना हे मान्य नव्हतं. एकानं कारल्याचा रस सुचवला, एकीनं जांभळाच्या बियांची पूड पुण्याहून पाठवली, तिसऱ्यानं सांगितलं, "त्या सुया एकदा लागल्या की सुटत नाहीत, लावूच नका." त्यातलं सुटत नाहीत एवढं खरं होतं. आपण श्वासही एकदा सुरू केल्यावर सोडत नाही. इन्सुलिन शरीरात होईना, की ते बाहेरून द्यायचं. दुसरा रस नाही, दुसरी पूड नाही.

मी तिथे पोचलो तोवर पोर सरावली होती. दंडावर रुपयाएवढं बटण चिकटवलेलं. ते दर पाच मिनिटांनी साखरेचा आकडा तिच्या आईबापांच्या फोनवर धाडी. आकडा ७० च्या खाली गेला की फोन किंचाळे. जेवायच्या आधी पानात किती ग्रॅम पिष्ट आणि साखर आहे ते मोजायचं, त्या हिशेबानं सुई, आणि रात्री झोपताना लांब पल्ल्याच्या इन्सुलिनची आणखी एक. एवढं केलं की तिला सगळं खायला मोकळीक. हे "सगळं" माझ्या डोक्यात काही शिरत नव्हतं. माझ्या मते मधुमेह म्हणजे गोड बंद. मी स्वतः गेली दहा वर्षं डॉक्टरांच्या भाषेत बॉर्डरवर आहे. बॉर्डरवरचा माणूस दोन्ही देशांचं खातो.

दिवाळी जवळ आली तशी आमची ही फराळाला लागली आणि घरात पहिला तात्त्विक झगडा झाला.

"आई, सारणात साखर किती घातलीस?"

"लागेल तेवढी."

"लागेल तेवढी म्हणजे किती?"

"गोड होईपर्यंत."

कन्येनं वजनकाटा आणून ओट्यावर ठेवला. हिनं त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की तो काटा वजन करायचं विसरावा. "चाळीस वर्षं मी मुठीनं फराळ केलाय. तुझ्या काट्यानं करंजी केली तर ती करंजी नाही होत, औषध होतं." कन्या तिचीच मुलगी. ती म्हणाली, "ठीक आहे. करंजी नको, तुझी मूठच मोजू." हिनं तणतणत पाच मुठी साखर पाच वाट्यांत टाकली. कन्येनं वाट्या एकेक करून काट्यावर ठेवल्या. पाचांपैकी एकाही मुठीत दोन ग्रॅमांहून अधिक फरक निघाला नाही!

मी थक्क झालो. जी बाई चाळीस वर्षं "आम्ही नाही बाई मोजत" म्हणून मिरवत होती, ती प्रत्येक वेळी मोजतच होती. फक्त तिचं माप तळहातात होतं. पण त्या वेळी मी ह्यातून काही शिकलो नाही. मी फक्त "वा!" म्हणालो आणि एक करंजी उचलली.

बेसनाचे लाडूही तोलून झाले. एक लाडू २४ ग्रॅम पिष्टसाखरेचा. डब्यावर तशी चिठ्ठी लागली. चिमीला दुपारी एक, सुईसकट. आणि इथे मला घराण्याचं रक्त नडलं. वसुबारसेच्या संध्याकाळी लेक-जावई कामात होते, ही देवाजवळ होती. चिमी माझ्या मांडीवर बसून डब्याकडे पाहत होती. निदान मला तसं वाटलं. दिवाळीचा दिवस, सहा वर्षांची नात, आणि लाडवाच्या डब्यावर चिठ्ठी! माझा जीव कळवळला. मी एक लाडू काढून तिच्या हातावर ठेवला.

"आबा, ह्याला सुई नाही?"

"नाही ग. हा आबांचा लाडू. ही आपली दोघांची गंमत. आईला नाही सांगायचं."

तिनं एकदा लाडवाकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खाल्ला. मोठ्या माणसाचा मान राखायचा असतो, हे आम्हीच तिला शिकवलं होतं.

त्या रात्री फोन किंचाळला. साखर ३०० च्या वर. लेक-जावई उठले, पोरीला उठवली, पाणी दिलं, सुई दिली, तासाभरानं पुन्हा पाहिलं. "जेवणात काय चुकलं?" "भात जास्त झाला का?" अशी कुजबुज मी पलीकडच्या खोलीत पांघरुणात तोंड घालून ऐकत होतो. उठून सांगावं असं वाटलं. पण मग दुसरं मन म्हणालं, एका लाडवानं काय होतंय? कशानंतरी दुसऱ्याच कशानं झालं असेल. मंडळी, ३६ वर्षांत मी जेवढ्या अफरातफरी पकडल्या, त्या प्रत्येकीची सुरुवात "एवढ्यानं काय होतंय" ह्याच वाक्यानं झाली होती. ते वाक्य मी ओळखायला हवं होतं. पण दुसऱ्याच्या वहीत दिसणारी अक्षरं आपल्या वहीत धूसर होतात.

धनत्रयोदशीला मी अर्धाच लाडू दिला. माझ्या दृष्टीनं ही सुधारणा होती. त्याच्या दुसऱ्या दिवशीही अर्धा. तिन्ही रात्री आकडे चढलेले, तिन्ही रात्री घर जागं.

आणि ३१ ऑक्टोबर उजाडला. त्या वर्षी आपली नरकचतुर्दशी आणि त्यांचं हॅलोविन एकाच दिवशी आले होते. पहाटे अभ्यंगस्नान झालं. पायाखाली फोडायला करीट कुठून आणायचं? हिनं कारल्याचा तुकडा आणला. चिमीनं तो अंगठ्यानं चिरडला, जिभेला लावून तोंड वाकडं केलं आणि नरकासुर मेला. मधुमेहाच्या घरात कारल्याचा मला दिसलेला हा पहिला खात्रीचा उपयोग.

हॅलोविनबद्दल मी चार शब्द सांगायला हवेत. मूळ सण आयर्लंड-स्कॉटलंडकडचा. उन्हाळा संपून काळोखाचे दिवस सुरू होतात त्या रात्री मेलेले लोक फेरफटका मारायला येतात, अशी जुनी समजूत. तिकडे सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. आयरिश लोक अमेरिकेत आले, तिथे त्यांना भोपळे भेटले, आणि एवढा मोठा भोपळा असताना सलगम कोण कोरत बसतो! आता पोरं भुताखेतांची सोंगं घेऊन दारोदार जातात आणि "ट्रिक ऑर ट्रीट" म्हणतात. म्हणजे खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू. आमच्या लहानपणी होळीची लाकडं आम्ही ह्याच तत्त्वावर गोळा करत असू. फक्त लोकांना निवड करायला वेळ देत नसू, फाटक आधीच उचललेलं असे. आणि भुतांचं म्हणाल तर आपल्याकडे बंगालात ह्याच रात्रीला भूतचतुर्दशी म्हणतात. थोडक्यात, भुतांनी दोन्हीकडे रजा एकाच सुमाराला टाकलेली आहे.

चिमी यंत्रमानव झाली होती. पुठ्ठ्याच्या खोक्याला चंदेरी कागद लावलेला, आणि दंडावरचं ते बटण मुद्दाम उघडं ठेवलेलं. "मला एक खरं मशीन आधीच आहे," असं तिनं गल्लीतल्या पोरांना ऐटीत सांगितलं. एक-दोन पोरांच्या चेहऱ्यावर चक्क मत्सर दिसला. तिच्याबरोबर जाण्याचं काम माझ्याकडे होतं. ऑक्टोबरअखेर म्हणजे अमेरिकेत थंडी, अशा समजुतीनं मी माकडटोपी आणि मफलर घालून निघालो. थंडीचा पत्ता नव्हता. लोक अर्ध्या बाह्यांत फिरत होते. एका दारात एका बाईनं माझ्याकडे निरखून पाहिलं आणि "काय छान सोंग घेतलंय!" असं म्हणून माझ्याही हातावर एक चॉकलेट ठेवलं.

खरी परीक्षा झाली ती एका आपल्याच माणसांच्या दारात. तिथल्या काकूंनी सगळ्या पोरांच्या पिशव्यांत चॉकलेटं टाकली आणि चिमीपाशी येऊन थबकल्या. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "हिला ते आहे ना? बिच्चारी! थांबा हं." आणि आतून एक सफरचंद आणून त्यांनी तिच्या पिशवीत घातलं. प्रेमानंच घातलं. मलाही ते फार समंजस वाटलं. रस्त्यावर आल्यावर चिमीनं सफरचंद हातात धरून पाहिलं.

"आबा, ह्यात पंचवीस ग्रॅम असतात. छोट्या चॉकलेटात दहा."

"हो का?"

"हो. आणि त्यांनी मला बिच्चारी म्हटलं. मला ऐकू येतं. मला चॉकलेट चालतं. फक्त मोजायचं असतं."

पुढच्या एका घराबाहेर निळसर हिरव्या रंगाचा भोपळा होता. ज्या मुलांना शेंगदाणा, दूध वगैरेंची ॲलर्जी असते त्यांच्यासाठी इथे खाऊऐवजी खेळणी मिळतील, अशी ती खूण. २०१४ पासून ही चाल सगळ्या अमेरिकेत पसरली आहे. तिथे परडीतून चिमीला हवं ते घ्यायला सांगितलं. तिनं प्लॅस्टिकच्या कोळ्याची अंगठी घेतली आणि खूश झाली. मी विचारात पडलो. सफरचंदानं ती दुखावली आणि अंगठीनं हरखली, हे कसं? मग लक्षात आलं. अंगठीच्या परडीत हात घालणाऱ्या सगळ्या पोरांना नियम एकच होता. सफरचंद फक्त तिच्यासाठी आणलं होतं.

तेवढ्यात खिशातला फोन किंचाळला. ६२, आणि बाण खाली. इतका वेळ पळापळ झाली होती, दुपारचं इन्सुलिन अंगात होतं, साखर घसरली. मी घाबरलो. तीन दिवस साखर चढवण्याचं पाप करणारा मी, आता साखर उतरली म्हणून थरथरायला लागलो. घाईघाईनं पिशवीतलं सगळ्यात मोठं चॉकलेट काढलं.

"आबा, ते नको. त्यात तूप असतं, ते हळू चढतं. त्या गोळ्या द्या, गुंडाळीतल्या. दोन गुंडाळ्या."

द्राक्षशर्करेच्या रंगीत गोळ्यांची ती गुंडाळी, एकीत सहा ग्रॅम. पिशवीत चांगल्या पाच-सहा होत्या. आम्ही एका अनोळखी घराच्या पायरीवर बसलो. शेजारी एक हाडांचा सापळा आरामखुर्चीत बसवला होता. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला मी, मध्ये चिमी शांतपणे गोळ्या चावत बसलेली. लेकीचा फोन आला. तिलाही तो आकडा दिसला होता. "दिल्या? छान. आता पंधरा मिनिटं थांबा, मग पाहा. जास्त देऊ नका हं, बाबा." जास्त देऊ नका! त्या क्षणी माझ्या हातात सबंध पिशवी ओतण्याची ऊर्मी होती.

पंधरा मिनिटं फार मोठी असतात. शेजारी सापळा असला की जास्तच. मला जावयांनी सांगितलेली गोष्ट आठवली. शंभर वर्षांपूर्वी ह्या आजाराच्या मुलांवर उपाय एकच होता, उपासमार. ॲलन नावाचे अमेरिकन डॉक्टर मुलांना ग्रॅम-ग्रॅम मोजून इतकं थोडं खायला देत, की मूल आजारानं मरण्याऐवजी थोडं उशिरा, भुकेनं खंगून मरे. दुष्टपणा नव्हता; हातात दुसरं काही नव्हतं. मग १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट ह्यांनी इन्सुलिन शोधलं, आणि ११ जानेवारी १९२२ ला चौदा वर्षांच्या एका मुलाला पहिली सुई टोचली. पहिली नीट लागू पडली नाही. औषध आणखी शुद्ध करून बारा दिवसांनी पुन्हा दिलं आणि मुलगा सावरला. त्या शोधाचे हक्क शोधकर्त्यांनी विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकले. माझ्या सबंध नोकरीत इतका कमी रकमेचा आणि इतका बिनचूक व्यवहार माझ्या तपासणीत आला नाही. त्या बँटिंगचा जन्म १४ नोव्हेंबरचा. तो दिवस आता मधुमेहाचा जागतिक दिवस, आणि आपल्याकडचा बालदिन. हा निव्वळ योगायोग आहे. पण योगायोगालाही कधी कधी बरं सुचतं.

मला त्या पायरीवर प्रथमच कळलं की मोजणं दोन प्रकारचं असतं. इन्सुलिनच्या आधीचं मोजणं मूल खाऊ नये म्हणून होतं. आताचं मोजणं मूल खाऊ शकावं म्हणून आहे. तराजू तोच, ग्रॅम तेच. आणि मी मूर्खासारखा डब्यावरच्या चिठ्ठीला तुरुंगाची पाटी समजत होतो. ती खरं म्हणजे परवानगीची चिठ्ठी होती.

"नव्वद," चिमी म्हणाली. "चला आबा, अजून चार घरं राहिलीत."

घरी आल्यावर दिवाणखान्यात लूट ओतली. हा ह्या घरचा दरवर्षीचा कार्यक्रम. गोळ्यांच्या गुंडाळ्या औषध म्हणून कपाटात. दोन चॉकलेटं आज, जेवणाबरोबर मोजून. दहा डब्यातल्या खाऊसाठी. उरलेली दातांच्या डॉक्टरकडे. तिकडे काही दंतवैद्य पोरांकडून वजनावर चॉकलेटं विकत घेतात, आणि सगळी पोरं विकतात. त्याला मधुमेहच असावा लागतो असं नाही. ह्या सगळ्याची नोंद चिमी एका वहीत करते. वही पाहून माझं ऊर भरून आलं. रकाने आखलेले, तारीख, काय खाल्लं, किती ग्रॅम. "ही माझी नात," मी हिला म्हणालो.

चिमी पेन्सिल चावत थोडा वेळ थांबली. मग माझ्याकडे पाहून, अगदी साध्या आवाजात तिनं विचारलं,

"आबा, ते लाडू पण लिहायचे का?"

खोलीत कुणी काही बोललं नाही. मला लपवायला जागा होती. "कुठले लाडू?" एवढं म्हटलं असतं तर पोर गप्प बसली असती. तीन दिवस बसलीच होती. तिच्या डोळ्यांत तक्रार नव्हती. होता तो निव्वळ हिशेबनिसाचा पेच: खर्च झाला आहे आणि नोंद नाही.

"लिही," मी म्हणालो. "सोमवारी एक. मंगळवारी अर्धा. बुधवारी अर्धा. एकूण दोन."

लेक ओरडेल असं मला वाटलं होतं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली. "बाबा," ती म्हणाली, "तीन रात्री आकडे चढले म्हणून आज आम्ही दवाखान्यात विचारलं. रात्रीची मात्रा वाढवायची ठरली होती. आज झोपताना." मग थोडं थांबून, "आज ती इतकी चाललीय. अशा दिवशी साखर रात्री आपणहून उतरते. त्यात वाढीव मात्रा..." पुढचं वाक्य तिनं पुरं केलं नाही. मला हिशेब समजतो. दोन लाडवांची खोटी वही पुढे गेली असती आणि तिच्यावर विसंबून खरी सुई टोचली गेली असती. कदाचित फोन किंचाळला असता, कदाचित सगळं निभावलं असतं. पण ते माझ्या पुण्याईनं नव्हे.

"आणि मला वाटत होतं, माझंच काही चुकतंय," लेक म्हणाली. हे वाक्य मला मात्रेपेक्षाही जास्त लागलं.

तिनं दवाखान्यात पुन्हा फोन करून सगळं सांगितलं. मात्रा होती तीच ठेवायची ठरली. मग तिनं चिमीला जवळ घेतलं. "तू विचारलंस, फार चांगलं केलंस." चिमी म्हणाली, "पण आबांनी सांगू नको म्हटलं होतं. मोठ्यांचं ऐकायचं असतं ना?" आता ह्या प्रश्नाचं उत्तर द्यायची जबाबदारी माझी होती. मी म्हणालो, "मोठ्यांचं ऐकायचं. पण तुझ्या शरीरातलं काही लपवायला कुणी सांगितलं, तर त्याचं ऐकायचं नाही. मग तो आबा असला तरी." तिनं मान डोलावली आणि वहीत बेरीज तपासायला लागली.

त्या रात्री पांघरुणात पडून मी माझं जुनं तत्त्व पुन्हा उघडून पाहिलं. प्रेम मोजू नये, हे अजूनही मला खरं वाटतं. पण प्रेम मोजायचं नाही म्हणून लाडूही मोजायचा नाही, असा मी दोन खात्यांचा घोटाळा केला होता. मी न मोजता दिलं ते माझ्या सुखासाठी. देताना माझा जीव निवत होता. मोजण्याचं ओझं तिच्या आईनं रात्री दोन वाजता उचललं. आणि सर्वांत वाईट म्हणजे, नातवंडाला आपल्या प्रेमाचं साक्षीदार करावं, ते सोडून मी तिला साथीदार केली होती. आमची आजी पानाकडे पाहा म्हणायची. पानाकडे पाहा म्हणजे जेवणाऱ्याला काय हवंय, काय सोसतंय ते पाहा, असा त्याचा अर्थ असावा. आम्ही पुरुषमंडळींनी त्यातला श्रीखंडाचा भाग तेवढा पाठ केला.

दुसऱ्या दिवशी जेवणात हिनं लाडू वाढले. माझ्या पानात एक पडला. मी सवयीनं दुसऱ्यासाठी हात पुढे केला, तर चिमीनं पानावर आडवा हात धरला. माझ्या पानावर! "आबा, तुम्ही बॉर्डरवर आहात."

आता आम्ही पुण्यात असतो. २०२५ च्या दिवाळीत तिचा फोन आला, चेहरा दिसणारा. समोर वही उघडी. तिनं स्वतःचे लाडू सांगितले, ग्रॅम सांगितले, मग पेन्सिल सरसावून विचारलं, "आबा, तुमचे किती?"

हिनं माझ्याकडे पाहिलं. मी डब्याकडे पाहिलं.

"दोन," मी म्हणालो. "नाही, थांब. अडीच. अर्धा मी उभ्या उभ्या खाल्ला."

"उभ्यानं खाल्लेला पण लिहायचा असतो," असं म्हणून तिनं तो लिहून घेतला.